गुलाबी लिंबाचं गाव

आमच्या सरांनी एक गाव बांधलं होतं आणि त्या गावातला कडुलिंब गुलाबी होता. माणसं पांढरी, विहीर काळी, आभाळ निळं, आणि जे जे हिरवं असायला हवं ते ते सगळं गुलाबी. सरांच्या कॉम्प्युटरवर चित्राला चारच रंग यायचे आणि त्यांत हिरवा नव्हता, एवढंच त्याचं कारण. क्लासला नवीन लागलेला प्रत्येक जण विचारायचा, "सर, लिंब गुलाबी कसा?" सर चष्मा कपाळावर चढवायचे. "लिंब आहे हे कळलं ना तुला? मग झालं. हिरवा तू कर."

हे जळगावातलं, नव्वदच्या आसपासचं. सरांच्या वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. वडील गेल्यावर सरांनी मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणून बसवले. पुढे टाइपरायटरचा कडकडाट आणि मागे वाळ्याच्या कूलरचा गारवा, असा तो संसार होता. मागे जायचं तर चपला बाहेर काढायच्या. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं तेव्हा सगळेच मानायचे, त्यामुळे घरात आईचं न ऐकणारी पोरंही तिथे मुकाट्याने अनवाणी व्हायची. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. स्थळं बघणं चालू होतं, तोवर पोरगी रिकामी नको म्हणून वडिलांनी मला त्या क्लासला घातलं. शिकता शिकता मी शिकवायला लागले आणि ते 'तोवर' चांगलंच लांबलं. पोरांसमोर सर मला मॅडम म्हणायचे, एरवी ताई.

पोटासाठी सर पत्रं टाइप करणं आणि हिशेब ठेवणं शिकवायचे. जीव मात्र सगळा त्या गावात. गाव म्हणजे त्यांनी स्वतः रचलेला एक गेम होता. नाव 'पाहुणा'. एक माणूस एका अनोळखी गावाच्या एस.टी. स्टँडवर उतरतो. त्याला लग्नाला जायचंय, पण पत्रिका घरी राहिली आहे आणि लग्नघर कोणतं ते त्याला नीट आठवत नाही. आता गावात हिंडायचं, दारं उघडायची, माणसांना बोलतं करायचं, कोडी सोडवायची आणि मांडवात पोचून पंगतीला बसायचं. बस्स, एवढाच खेळ.

पोरांची तोंडं उतरायची. बस स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात धडाधड गोळ्या झाडून आलेली ती पोरं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, यात मारायचं कोणाला?"

"कोणालाच नाही."

"मग आपण मरतो कसे?"

"मरत नाही."

"पण लाइफ किती आहेत?"

"एकच. तुला किती दिल्यात?"

"आणि टाइम संपला तर?"

"लग्नाला चाललाय तो. खानदेशात वेळेवर लागलेलं एक लग्न दाखव, लगेच टाइम लावतो."

मारामारीचं वावडं त्यांना खेळापुरतंच नव्हतं. एकदा क्लासमध्ये उंदीर झाले आणि वायरी कुरतडायला लागले. सरांनी पिंजरा लावला. उंदीर सापडल्यावर पिंजरा स्कूटरवर पायाशी ठेवून सर त्याला सोडायला निघाले. मी म्हटलं, गिरणा नदीकडे नेऊन सोडा, लांब पडेल. परत आल्यावर विचारलं तर कळलं, नवीन निघालेल्या दुसऱ्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या बोळात सोडून आले होते. "मारला तर नाही ना?" असं वर मलाच विचारलं. अहिंसा पाळणाऱ्याने वैर पाळू नये असं कुठेच सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा समजलं.

दिसायला सर काटक. बुशशर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. उन्हाळ्यात डोक्यावर ओला नॅपकिन, आणि त्याचं पाणी कानामागून गळत असताना ते शांतपणे शिकवत राहायचे. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं, 'आधी बघ, मग दाब.' त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. कोणी घाईघाईने बटणं बडवायला लागला की ते बोट त्या पाटीकडे करायचे. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना, सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, शिलाई मशीनला आणि एकदा चालत्या एस.टी.त चढणाऱ्या मलाही त्यांनी हेच वाक्य सुनावलं होतं.

खेळातली अक्षरं मराठी हवीत हा त्यांचा हट्ट. तेव्हा कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मग सरांनी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एकेक अक्षर काढलं आणि ठिपका ठिपका करून आत भरलं. सगळी अक्षरं वळणावर आली, ळ काही येईना. कधी तो लाडूसारखा दिसायचा, कधी उलट्या घड्यासारखा. मी म्हटलं, सर, ळ नसलेले शब्द वापरा. सर म्हणाले, "जळगावात राहतो, सासुरवाड पिंपळनेर, बहीण धुळ्याला दिलेली. मी ळ कुठे टाळू?"

सासुरवाड पिंपळनेर म्हणजे वहिनी तिकडच्या. क्लासमधल्या पोरांशी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण राग आला किंवा कीव आली की माहेरची अहिराणी बाहेर पडायची. मे महिन्यात फ्लॉप्या तापून खराब होतात म्हणून सर त्या क्लासमागच्या घरातल्या फ्रीजमध्ये ठेवायचे, दुधाच्या पातेल्याशेजारी. वहिनींनी वर्षानुवर्षं त्या सांभाळल्या. पाहुणे आले आणि फ्रीज उघडला की सांगायच्या, "त्याले हात नका लावू, ते यास्नं गाव शे."

सरांना या गावातून हवं होतं ते एकच. कोणीतरी, त्यांनी एक अक्षरही न सांगता, मांडवापर्यंत पोचावं. नाव व्हावं असं नव्हतं. नाव तर त्यांनी खेळात कुठे घातलंच नव्हतं. पण एक माणूस पोचला पाहिजे. "ताई, घर बांधलं आणि कोणी आलंच नाही तर ते घर कसलं? गोडाऊन झालं ते." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा बारीक व्हायचा, आणि मला तेव्हा त्यांची थट्टा करवत नसे.

पण पोचणार कोण? सगळी कोडी सरांच्या डोक्यातून निघालेली. पहिल्याच घराचं दार उघडायचं नाही. पोरं सगळी बटणं दाबून दमायची. पाहुण्याच्या पायातल्या चपला काढल्याशिवाय ते दार उघडत नसे, एवढंच. गंमत म्हणजे स्वतः चपला बाहेर काढून आत आलेली ही पोरं पडद्यावरच्या पाहुण्याला मात्र चपलांसकट लोकांच्या घरात घुसवायला बघायची. त्यातून कोणी चपला काढून आत गेला आणि मागच्या दाराने बाहेर पडला की चपला राहिल्या पुढच्या दारी. आणि गावात वैशाखाचं ऊन. पाहुणा थोडा चालला की टुणटुण नाचायला लागायचा. वळसा घालून परत जा, चपला घाल, मग पुढे.

दुसऱ्या घरात म्हातारी विचारायची, 'चहा घेणार?' हो म्हटलं की ती चहा द्यायची आणि गप्प. पुढचा रस्ता काही सांगायची नाही. आधी नको म्हणायचं, तिने आग्रह केला की पुन्हा नको, आणि मग हो. तेव्हा कुठे तिला हा माणूस घरंदाज वाटायचा आणि ती मोकळेपणी बोलायची. वहिनींनी हे एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. "देवानं व्हई ते देई टाक ना माय सरळ! इतलं इचारानं कसाले?" द्यायचा तर चहा सरळ देऊन टाक, असं त्या पडद्यावरच्या म्हातारीला म्हणाल्या.

सगळ्यात अवघड कुत्रा. चावडीजवळ तो वाट अडवून उभा. पाहुणा पुढे गेला की भुंकायचा, मागे वळला की मागे लागायचा. यावर उपाय काय ठेवावा याचा सरांनी माझ्याशी कितीतरी दिवस वाद घातला. मी म्हटलं, साधं आहे, खाली वाकायचं. दगड उचलतोय असं वाटून कुत्रं पळतं. सर म्हणाले, "दगड उचलतोय असं दाखवणं म्हणजे मारण्याची धमकी झाली." मी म्हटलं, बरं, भाकरी टाकायची. तर म्हणाले, "ती लाच झाली." शेवटी त्यांनी मलाही न सांगता ठेवलेला उपाय असा की काहीच करायचं नाही. कुठल्याच बटणाला हात न लावता थांबायचं. कुत्रा येतो, हुंगतो, निघून जातो.

आता कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस काहीच न करता थांबेल का? एकही थांबला नाही. मी स्वतः कितीदा हरले. एका दुपारी मी अशीच कुत्र्याशी झुंजत होते, तेवढ्यात वहिनींनी पन्हं प्यायला हाक मारली. पन्हं झालं, गप्पा झाल्या, परत येऊन बघते तर कुत्रा गायब. मी आनंदाने ओरडले. सर धावत आले, सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही सोडवलं नाही ताई. तुम्ही उठून गेलात." आणि मला नियमाने बाद केलं.

बाद होणारी मी एकटी नव्हते. धुळ्याला एका कॉलेजात प्रदर्शन होतं, तिथे सरांनी 'पाहुणा' मांडायचं ठरवलं. कॉम्प्युटर एस.टी.ने न्यायचा. मॉनिटर वहिनींच्या गोधडीत गुंडाळून सरांनी मांडीवर घेतला आणि पारोळ्यापर्यंत शेजारची बाई त्याला तान्हं पोर समजून सरकून सरकून जागा देत होती. पारोळ्याला तिने विचारलं, "बरं नही शे का त्याले?" सर म्हणाले, "बरं आहे, झोपलाय."

धुळ्याला नवल घडलं. पोरं येत, बसत आणि भराभर पुढे जात. चपला काढल्या, चहाला दोनदा नको म्हटलं, कुत्र्यापुढे हात बांधून थांबली. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "धुळ्याचं पाणीच वेगळं हो ताई," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मैदानातल्या धुळीने सरांना खरा खोकला झाला. खुर्चीवर बसलेला पोरगा भांबावला. एकदा पुढे जाई, एकदा मागे येई. शेवटी वैतागून वळला आणि म्हणाला, "सर, तुम्ही काय ते एकदा नक्की खोका ना!"

तेव्हा उलगडा झाला. सर खेळणाऱ्याच्या मागे उभे राहायचे आणि तो चुकीचं बटण दाबायला गेला की त्यांच्या घशातून आपोआप खाकरणं निघायचं. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता. पोरांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि ती पडद्याकडे न बघता कान मागे लावून खेळत होती.  येताना एस.टी.त मॉनिटर मी मांडीवर घेतला. अमळनेरचा फाटा गेल्यावर सर एवढंच म्हणाले, "म्हणजे अजून कोणीच पोचलं नाही."

त्यानंतर कोणी खेळायला बसलं की सर उठून बाहेर जाऊन उभे राहू लागले. बाहेरूनही खिडकीतून खोकला यायचा, तो भाग वेगळा.

मग मुंबईहून एका कंपनीचा माणूस आला. मुलांच्या अभ्यासाच्या फ्लॉप्या करून विकणारी कंपनी होती ती. आमच्या एका विद्यार्थ्याचा मामा तिथे होता, त्याने सांगून ठेवलं होतं. माणूस नाडीचे बूट घालून आलेला. ते काढताना तो जेवढा चिडला तेवढाच चपलांच्या कोड्यावर चिडला. म्हातारीने चहा विचारल्यावर धाडकन हो म्हणाला. कुत्र्यापुढे तर त्याने बटणांचा असा पाऊस पाडला की मला कीबोर्डची काळजी वाटू लागली. पण माणूस वाईट नव्हता. चित्रं त्याला आवडली, मराठी अक्षरं तर फारच. म्हणाला, "सर, आम्ही घेतो हे. महाराष्ट्रभर पोचवतो. फक्त पाहुण्याच्या हातात एक काठी द्या. कुत्र्याला हाणू द्या, म्हातारीला दम देऊ द्या. मुलांना काहीतरी करायला नको का?"

सरांनी विचार करून कळवतो म्हटलं. तो गेल्यावर मी त्यांच्या पाठीच लागले. एक काठी तर आहे! महाराष्ट्रभर माणसं खेळतील, त्यांतला एक तरी मांडवात पोचेल. तुम्हाला तेच हवंय ना? सर नॅपकिन पिळत बसले होते. त्यांनाही ते पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच काठी काढली.

काठी म्हणजे पडद्यावर एक तिरकी रेघ. पण सर जे करतील ते नीट करतील. काठी बसली की कुत्र्याने केकाटलं पाहिजे म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या आतल्या पिपाणीसारख्या स्पीकरमधून आवाज जुळवायला घेतला. दुपारभर चिरके सूर चालले होते. संध्याकाळी जमलं एकदाचं. त्यांनी बटण दाबलं, काठी फिरली, आणि आतून असा काही कळवळलेला आवाज आला की मी दचकले.

वहिनी कणकेच्या हातांनी धावत आल्या. "कोणी मारं त्या कुत्राले?" त्या खरोखरच खवळल्या होत्या. "मुकं जनावर ते! कोण व्हता तो?"

सरांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. म्हणाले, "मी."

त्याच संध्याकाळी त्यांनी काठी पुसून टाकली. कोपऱ्यावरच्या बूथवरून मुंबईला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला त्यांचा इतका राग आला की आठवडाभर मी कामापुरतंच बोलत होते. माणसाने तत्त्वाचं असावं, पण दारात आलेल्या लक्ष्मीला चपला काढल्या नाहीत म्हणून परत पाठवावं? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "लक्ष्मी नव्हती हो ताई ती. काठी होती."

पुढची काही वर्षं त्यांनी 'पाहुणा' फुकट वाटला. कोर्स संपला की पोरं पेढे द्यायची आणि सर फ्लॉपी द्यायचे. बहुतेकांनी ती पुसून तिच्यावर दुसरं काहीबाही भरलं. एक जण तर कुंडली जुळवायचा प्रोग्राम भरून आम्हालाच दाखवायला घेऊन आला, वर सरांना म्हणाला, फ्लॉपी फार चांगली निघाली. सर हसले आणि त्यालाही दुसरी फ्लॉपी दिली. तोवर नवे कॉम्प्युटर आले, त्यांना हिरवा काय, वाटेल तो रंग यायला लागला. मी म्हटलं, आता तरी लिंब रंगवा. तर म्हणाले, "जो पोचेल त्याला विचारून रंगवू." मला वाटलं, आता हा लिंब जन्मभर गुलाबीच राहणार.

आणि एका सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, कपाळावर आठ्या. बोदवडच्या एका कापसाच्या जिनिंगमधले दिवाणजी होते ते. कपाशीचा हंगाम संपला होता. ऑफिसात काम नव्हतं आणि मालकाच्या मुलाने आमच्याकडून नेलेली फ्लॉपी तिथे पडून होती. हे सगळं नंतर कळलं. आल्या आल्या ते भांडायच्याच आवाजात म्हणाले, "तो पाहुन्याचा खेळ कोनं केला?"

सर उठले. "मी केला. का हो?"

"येष्टी कव्हा येते?"

"कुठली एस.टी.?"

"कुठली म्हंजे? तुमच्या गावची! काल दुपारपासून उभा हाये मी तथी स्टँडावर. येष्टीचा पत्ता नही."

सरांना काही बोध होईना. "पण दादा, तुम्ही स्टँडवर का थांबलात? लग्नघर तर आत गावात आहे."

"लगन लागलं ना! जेवलो. वरन-बट्टी व्हती, वांग्याची भाजी व्हती."

सर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मीही. पंगतीत वरण-बट्टी वाढतात हे मांडवात पोचल्याशिवाय कोणालाच कळलं नसतं. आम्ही दोघांनी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"कुत्रा?" सरांनी अगदी हळू विचारलं.

"कोनता कुत्रा?" दिवाणजींनी आठवून पाहिलं. "हां, आल्ता एक. हुंगला अन् गेला."

"तुम्ही काय केलं मग?"

"मी काय करू? तमाखू मळू राह्यलो व्हतो."

सर हसायला लागले. मग मीही. दिवाणजी आणखी चिडले. सरांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही पोचलात! खेळ पूर्ण केलात तुम्ही! तुम्ही पहिले!"

"पूर्न कसा?" दिवाणजींनी हात सोडवून घेतले. "तुम्हीच लिव्हलं हाये शेवटी, 'जेवण झालं, आता घरी जा.' मी निंघालो. सगळं गाव चालून मांघं स्टँडावर आलो. अन् येष्टीच नही!"

"अहो, म्हणजे खेळ संपला. आता कॉम्प्युटर बंद करा, असा त्याचा अर्थ."

"अन् मानूस? त्याले तथीच टाकून देऊ? त्याच्या घरचे वाट पाहू राह्यले असतीन ना! आनतांना आनलं गाडीनं, मंग न्यायची जिम्मेदारी कोनाची?"

 किती वर्षं सर कोणीतरी मांडवापर्यंत पोचायची वाट बघत होते. तिथून त्या पाहुण्याला परत जायचं असतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. पाहुण्याला जेवू घालून आम्ही दिवा मालवून टाकला होता.

"ताई," सर म्हणाले, "आजचे वर्ग तुम्ही घ्या." आणि आत जाऊन बसले.

दिवाणजींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी काढून दिली. वीज जायची म्हणून सरांनी अशी सोय केली होती की पाहुणा जिथे थांबला तिथेच पुन्हा उभा दिसे. फ्लॉपी घातली, तर खरंच तो स्टँडवर उभा. दिवाणजी पडद्यासमोर दचकले. "हे कोनतं गाव? आमचं तं हिरवं व्हतं!" त्यांच्या जिनिंगमधल्या कॉम्प्युटरचा पडदा जुना, सगळं एकाच हिरव्या रंगात दाखवणारा. बोदवडला सरांचं गाव आधीपासूनच हिरवंगार होतं.

सर दिवसभर एस.टी. बांधत होते. दिवाणजी पुढच्या खोलीत बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. वहिनींनी त्यांना जेवायला वाढलं. मी म्हटलं, दादा, तुम्ही गावी जा, झालं की कळवतो. ते म्हणाले, "येऊ द्या गाडी. मानूस उभा हाये तथी, मी कसा जाऊ?" अधूनमधून आत डोकावून सरांना सूचना करत होते. कंडक्टर पाहिजे. घंटी पाहिजे. आणि नुसती गाडी निघून चालणार नाही, घरी उतरवा त्याला. सर मान खाली घालून हो हो म्हणत होते.

उन्हं उतरली तेव्हा गाडी आली. टायपिंगची पोरं मशीन सोडून, दारात चपला काढून आत येऊन उभी राहिली. पडद्याच्या डाव्या कडेने गुलाबी एस.टी. धक्के खात शिरली आणि स्टँडवर थांबली. सर बटणाकडे हात नेणार तोच दिवाणजी म्हणाले, "थांबा. मी चढवतो." त्यांनी पाहुण्याला गाडीत चढवलं. घंटी वाजली. गाडी गेली. क्षणभर काळोख, मग एक छोटं घर दिसलं, दारात कोणीतरी उभं. पाहुणा उतरला, चपला काढल्या आणि आत गेला. दार लागलं.

"हं," दिवाणजी म्हणाले. "आता झालं." त्यांच्या कपाळावरच्या आठ्या प्रथमच गेल्या होत्या. पिशवी उचलून ते निघाले, सर त्यांना स्कूटरवर स्टेशनला सोडायला गेले.

परत आले तेव्हा मी दिवे बंद करत होते. सर आत आलेच नाहीत. बाहेर पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. काय करावं मला सुचेना, म्हणून मी वहिनींना हाक मारली. त्या घाबरून पळत आल्या.

"काय व्हयनं? कोण गयं?"

सरांनी नॅपकिनने तोंड पुसलं. "गेलं नाही गं कोणी. पोचला एक जण. घरी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "मंग त्याम्हा रडानं काय शे?" असं म्हणाल्या, आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसत त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.